हिरव्या धाटणीचे पुरुषी सुगंध : दर्जा आणि दाम यांच्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

१० एप्रिल

लक्ष्मी रस्त्यावरील भावोजींच्या तयार कपड्यांच्या दुकानात गणेशोत्सवापूर्वी पुरुषांच्या परफ्यूमचा एक कप्पा सुरू करण्याचे ठरले आहे. कप्पा लहान आहे, भांडवल बेताचे आहे, आणि जो माल आपण गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगू शकत नाही तो दुकानात ठेवायचा नाही, हा भावोजींचा पहिल्यापासूनचा शिरस्ता आहे. त्यामुळे सुगंधाच्या प्रत्येक घराण्यातून एक किंवा फार तर दोन बाटल्या निवडायच्या आहेत. गोड आणि ऊदप्रधान सुगंधांची निवड भाच्याकडे दिली आहे. ताज्या, हिरव्या, पानांच्या अंगाने जाणाऱ्या सुगंधांची निवड माझ्याकडे आली, कारण माझी नोकरी रसायनांच्या प्रयोगशाळेत झाली आणि या घराण्याविषयी मला मनापासून आस्था आहे.

या घराण्यातील सर्वांत नावाजलेली बाटली आणि तिच्यासारख्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बाटल्या यांच्या किमतीत दहा-वीस पटींचे अंतर आहे. ते अंतर वासात नेमके कुठे दिसते, किती वेळ दिसते आणि पुण्याच्या हवेत दिसते का, याचे उत्तर मला लेखी हवे आहे. म्हणून या नोंदी ठेवत आहे.

१२ एप्रिल

तुलनेतील बाटल्या निश्चित केल्या. मानदंड म्हणून क्रीड या परफ्यूम कंपनीची ‘ग्रीन आयरिश ट्वीड’ घेतली. ही १९८५ सालची रचना असून कंपनीकडून तिचे श्रेय ऑलिव्हिए क्रीड यांना दिले जाते, तरी या क्षेत्रातील जाणकार तिच्याशी पिएर बूर्दाँ या फ्रेंच सुगंधकाराचे नाव जोडतात. याच बूर्दाँ यांनी १९८८ साली डेव्हिडॉफसाठी ‘कूल वॉटर’ रचले. तीन वर्षांच्या अंतराने झालेल्या आणि एकाच हाताशी जोडल्या जाणाऱ्या या दोन रचना आज किमतीच्या दोन टोकांना उभ्या आहेत, आणि माझ्या मते या प्रकल्पातील सर्वांत बोलकी तुलना तीच ठरेल.

तिसरी बाटली जेफ्री बीन या अमेरिकी वेशभूषाकाराच्या नावाची ‘ग्रे फ्लॅनेल’ आहे. ती १९७५ सालची, म्हणजे वरच्या दोन्हींपेक्षा वयाने मोठी आहे, आणि व्हायोलेटच्या पानाचा वास पुरुषी सुगंधाच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या रचनांत तिचे नाव आदराने घेतले जाते. चौथी बाटली संयुक्त अरब अमिरातीत तयार होणारी असून ती उघडपणे ग्रीन आयरिश ट्वीडच्या वळणावर बेतलेली आहे. अशा बाटल्या बाजारात अनेक आहेत आणि मी त्यांतील एकच तपासणार आहे, म्हणून तिचे नाव न लिहिता येथे तिला अमिराती बाटली असेच म्हणेन.

डिऑरचे ‘फॅरनहाइट’ १९८८ सालचेच आहे आणि त्यातही व्हायोलेटचे पान ठळक आहे, परंतु त्याचा ओढा चामड्याकडे आणि पेट्रोलकडे असल्यामुळे ते वगळले. राल्फ लॉरेनचे १९७८ सालचे ‘पोलो’ हिरव्या बाटलीत येते, तरी त्याचा गाभा पाइन, तंबाखू आणि चामडे यांचा आहे, म्हणून तेही बाजूला ठेवले. भाच्याने हे दोन्ही सुचवले होते आणि त्याच्या सूचना गैर नव्हत्या, पण शेजारी-शेजारी ठेवल्यावर तुलना होऊ शकेल अशाच बाटल्या मला हव्या आहेत.

क्रीडची पूर्ण बाटली केवळ चाचणीसाठी घेणे परवडणारे नव्हते. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने ती परदेशातील अधिकृत दुकानातून आणलेली आहे. त्याने आपणहून थोडा नमुना काढून दिला. नमुन्याच्या खरेपणाबद्दल शंका राहिली नाही, हे या कामात फार महत्त्वाचे आहे.

१५ एप्रिल

चाचणीची पद्धत ठरवली. बोहरी आळीतून सारख्या मापाच्या, फवारा असलेल्या रिकाम्या काचेच्या कुप्या आणल्या. सर्व नमुने त्यांत भरून ताईने प्रत्येक कुपीवर एकेक अक्षर लिहिले आणि कोणते अक्षर कोणत्या सुगंधाचे, हे तिच्याच वहीत ठेवले आहे. ‘तुला आधी नाव कळलं की तुझं नाक त्या नावाच्या मागे जाईल,’ असे ती म्हणाली. ते खरेच आहे. बाटली जड असली, झाकण चांगले बसत असले आणि किंमत ठाऊक असली की माणूस चांगलाच वास शोधू लागतो.

नोंद चार टप्प्यांवर करायची आहे : फवारल्यानंतर दहा मिनिटांनी, एक तासाने, तीन तासांनी आणि सहा तासांनी. एका वेळी प्रत्येक हातावर एकच सुगंध लावायचा आहे. दोन वासांच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगण्याची जी पद्धत मोठ्या दुकानांतून दिसते, ती मी पाळणार नाही, कारण कॉफी हा स्वतःच एक तीव्र वास आहे आणि नाकाला हवी असते ती विश्रांती. मोकळ्या हवेत चार पावले चालून यावे, किंवा धुतलेल्या बाहीत नाक घालून सावकाश श्वास घ्यावा, एवढे पुरते.

२० एप्रिल

कागदी पट्ट्यांवरील पहिली फेरी झाली. दहा मिनिटांच्या टप्प्यावर एका कुपीचा अपवाद सोडला तर बाकीच्या तिन्हींमध्ये विलक्षण साम्य आढळले. तिन्ही उजळ, थंड आणि स्वच्छ वाटल्या आणि तिन्हींत लिंबू-लॅव्हेंडरच्या मधली ती किंचित धातूसारखी झळाळी होती. दुकानातील ज्येष्ठ विक्रेत्यांना पट्ट्या दिल्या, तेव्हा त्यांनी तिन्ही एकाच कंपनीच्या असाव्यात असे मत दिले.

या साम्याचे कारण रसायनात आहे. त्या झळाळीचा मोठा भाग डायहायड्रोमिरसेनॉल या कृत्रिम द्रव्याचा असतो, आणि ते टर्पेंटाइनमधून मिळणाऱ्या पायनीनपासून बनते. ते स्वस्त आहे, लवकर खराब होत नाही आणि मोठ्या प्रमाणावर तयार होते. १९८२ सालच्या ‘द्राक्कार न्वार’ या पुरुषी परफ्यूममध्ये ते भरघोस वापरले गेले आणि पुढे कूल वॉटरच्या यशानंतर पुरुषी ताजेपणाची ती जणू ठरलेली खूणच झाली. हेच द्रव्य कपड्यांच्या पावडरींत आणि साबणांतही वापरले जाते, म्हणून काही जणांना या घराण्यातील सुगंधांत धुतलेल्या कपड्यांचा वास येतो. त्यांचे नाक त्यांना योग्य तेच सांगत असते.

महागातल्या महाग बाटलीसाठीही हे द्रव्य तेवढ्याच स्वस्तात मिळते. त्यामुळे किमतीतले अंतर जर कुठे दिसायचे असेल, तर ते या पहिल्या दहा मिनिटांनंतर दिसेल, असा माझा अंदाज आहे. दुर्दैवाने दुकानाच्या काउंटरवर बहुतेक विक्री याच दहा मिनिटांत होते.

२१ एप्रिल

पट्ट्या पाकिटांत बंद करून ठेवल्या आहेत. आठवड्याने पुन्हा हुंगायच्या आहेत.

२७ एप्रिल

त्वचेवरील चाचणी सुरू केली. दुपारी ऊन चाळिशीच्या आसपास आहे आणि हवा अगदी कोरडी आहे, त्यामुळे सुगंधाची कसोटी पाहण्यास हा काळ चांगला आहे. उष्णता वाढली की द्रव्ये लवकर उडून जातात, आणि कोरडी त्वचा त्यांना धरून ठेवत नाही. परदेशी परीक्षणांत आठ तास टिकल्याचे लिहिलेले सुगंध येथे पाच तासांत विरले, तर परीक्षण खोटे आणि माल भेसळीचा असे लगेच समजण्याचे कारण नाही.

एका तासाच्या टप्प्यावर तिन्ही कुप्या एकमेकींपासून दूर गेल्या. एकीमध्ये झळाळी ओसरल्यावर खाली ओलसर, किंचित मातकट, काकडीच्या सालीकडे जाणारा पानांचा वास स्पष्ट उभा राहिला आणि त्याच्यामागे आयरिसचा कोरडा, पिठूळ मऊपणा आला. दुसरीत पानांचा भास झाला, पण तिचा जोर लॅव्हेंडर, पुदिना आणि पुढे तंबाखूच्या गोडसर छटेवर होता. तिसरीत झळाळीच पातळ होत गेली आणि तिच्याखाली फारसे काही सापडले नाही. ताईने वही उघडली नसल्यामुळे ही अक्षरे कोणाची, हे मला आज ठाऊक नाही.

पानांचा वास म्हणजे काय, हे येथे लिहून ठेवतो. गवत कापले किंवा पान चुरगळले की पेशी फुटतात, वनस्पतीतील स्निग्धाम्लांवर विकरांची क्रिया होते आणि काही क्षणांत हेक्सेनॉलच्या कुळातील द्रव्ये तयार होतात. कापलेल्या हिरवळीचा वास तो हाच. सुगंधकार हे द्रव्य सहज मिळवू शकतो, पण ते इतके चंचल आहे की त्वचेवर काही मिनिटांतच निघून जाते. ज्याला पान तासभर टिकवायचे आहे, त्याला व्हायोलेटच्या पानाच्या अर्काकडे वळावे लागते. हा अर्क फुलाचा नसून पानाचा असतो. तो इजिप्तमध्ये आणि फ्रान्सच्या ग्रास परिसरात तयार होतो, आणि पानांचे ढीग द्रावकात भिजवून हाती अगदी थोडे येते, म्हणून तो महाग असतो. त्यात काकडीलाही तिचा वास देणारे नोनाडायनॅल हे द्रव्य असते. त्याला पर्याय म्हणून मिथाइल ऑक्टीन कार्बोनेट हे कृत्रिम द्रव्य वापरले जाते. त्याचा वास धारदार आणि तीव्र आहे, परंतु त्वचेला त्याची ॲलर्जी होऊ शकते म्हणून सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याच्या प्रमाणावर कडक मर्यादा आहेत. त्यामुळे या घराण्यात मध्य भाग चांगला करायचा असेल, तर पैसा खरोखरच खर्च करावा लागतो.

२८ एप्रिल

आठवडाभर पाकिटांत राहिलेल्या पट्ट्या हुंगल्या. सुरुवातीला सारख्या वाटलेल्या तिन्ही सुगंधांच्या पट्ट्यांवर अंब्रॉक्सान या द्रव्याच्या जातीचा कोरडा, उबदार, किंचित खारट वास शिल्लक आहे. त्यांतील दोन पट्ट्यांवर तो लाकडाच्या, चंदनाकडे झुकणाऱ्या मऊपणात मिसळलेला आहे आणि एकीवर तो एकटा, टोकदार उरला आहे.

पूर्वी हा परिणाम अंबरग्रिसने साधला जाई. वर्तमानपत्रांत ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून ज्याच्या तस्करीच्या बातम्या येतात, तेच हे द्रव्य. भारतात स्पर्म व्हेलला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. आजचे अंब्रॉक्सान मोठ्या प्रमाणावर क्लॅरी सेज या वनस्पतीतील स्क्लॅरिऑलपासून बनवले जाते. त्याचा रेणू मोठा असल्यामुळे ते दीर्घकाळ टिकते, आणि लावणाऱ्याचे नाक मात्र त्याला लवकर सरावते. आपला परफ्यूम उडून गेला असे गिऱ्हाईक म्हणत असते, तेव्हा शेजारी बसलेल्याला तो अनेकदा चांगला येत असतो. म्हणून टिकण्याची नोंद मी स्वतः न करता यापुढे भाच्याकडून करून घेणार आहे.

४ मे

दुकानातील मंडळींची बंद नावांची फेरी पूर्ण झाली आणि ताईने वही उघडली.

दहा मिनिटांच्या टप्प्यावर सर्वाधिक पसंती अमिराती बाटलीला मिळाली. तिच्याखालोखाल कूल वॉटर आणि मग ग्रीन आयरिश ट्वीड आले. ग्रे फ्लॅनेल बहुतेकांनी नाक मुरडून बाजूला ठेवले. तीन तासांच्या टप्प्यावर क्रम जवळजवळ उलटा झाला : ग्रीन आयरिश ट्वीड सर्वांच्या पुढे गेले, ग्रे फ्लॅनेल त्याच्या पाठोपाठ आले, कूल वॉटर मध्ये राहिले आणि अमिराती बाटलीबद्दल कोणी विशेष बोलेना. त्याच हातांवरचे तेच सुगंध त्याच माणसांनी सकाळी एका क्रमाने आणि दुपारी दुसऱ्या क्रमाने पसंत केले, हे या प्रकल्पातील आतापर्यंतचे सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे, आणि पुढची सारी आखणी मी त्यावरच करणार आहे.

भावोजींनी यावर एकच प्रश्न विचारला : ‘गिऱ्हाईक तीन तास थांबणार आहे का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर निवडीबरोबरच शोधावे लागेल.

११ मे

ग्रे फ्लॅनेलसाठी वेगळा वेळ दिला, कारण पहिल्या टप्प्यावर ते सर्वांनी नाकारले आणि तिसऱ्यावर त्याच लोकांनी हात पुन्हा पुन्हा नाकाशी नेला.

आज सकाळी ते मनगटावर एकदाच फवारले आणि खिडकीशी बसून त्याच्या मागे लागलो. सुरुवात कडू आहे आणि झोंबते. ही कडू धार गालबानमची आहे, जो फेरुला कुळातील एका इराणी वनस्पतीचा डिंक असतो. आपला हिंग याच कुळातील भावंड आहे, आणि हे एकदा लक्षात आले की त्या उग्रपणाला नाक बिचकत नाही. गालबानममध्ये ढोबळी मिरचीला तिचा वास देणाऱ्या द्रव्यांच्या जातीची पायराझिने अत्यल्प प्रमाणात असतात, आणि ती इतकी तीव्र असतात की तेवढ्याने सारा वास हिरवागार होतो. पंधरा-वीस मिनिटांनी कडूपणा बसला आणि पाटावर नुकत्याच चिरलेल्या शेंगांच्या टरफलांसारखा ओला, थंड हिरवेपणा वर आला. मग हळूहळू व्हायोलेटचे पान आणि फूल एकत्र उमलले आणि त्यांच्याखाली झाडांच्या सालीवरील शेवाळाचा खोल, सावलीतला वास स्थिरावला. दुपारचे जेवण झाले तरी ते मनगटावर स्वच्छ जाणवत होते आणि त्यात साबणाचा अंश आला होता, जो मला शोभिवंत वाटला.

ग्रे फ्लॅनेलमध्ये ग्रीन आयरिश ट्वीडचा राजस गुळगुळीतपणा नाही. पण पान या शब्दाने आपल्याला जे अपेक्षित असते, ते यात अधिक आहे, आणि तेही अत्यंत माफक किमतीत. इतक्या जुन्या रचनेला आपल्या बाजारात कोणी विचारत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या फ्लॅनेलच्या करड्या कापडी पिशवीतून ही बाटली येते, ती पिशवीदेखील कपड्यांच्या दुकानात शोभून दिसेल.

१८ मे

भावोजींच्या वडिलांनी सुचवल्यावरून वाळ्याचे अत्तर तुलनेत घेतले. त्यांचे म्हणणे असे की, उन्हाळ्यात थंड आणि हिरवे हवे असेल तर आपल्याकडे वाळा असताना बाहेर पाहायचे कशाला. या म्हणण्यात तथ्य आहे. माठात वाळ्याची जुडी घालणाऱ्या आणि खिडकीला वाळ्याची ताटी लावणाऱ्या घरांना हा वास नवा नाही.

कॅम्पातील एका जुन्या अत्तरवाल्याकडे दोन प्रकार मिळाले. पहिला गडद हिरवा, स्वस्त आणि वासाने सरबताकडे झुकणारा होता. त्यात रंग आणि कृत्रिम वास असावा. दुसरा कनौजचा रूह खस, तांब्याच्या डेगेत मुळे उकळून काढलेला. त्याला तांब्यामुळेच निळसर-हिरवी झाक येते, आणि ती झाक गडद नसते. फाया कानात ठेवल्यावर भिजलेल्या मातीचा, मुळांचा, किंचित धुराचा वास आला आणि संध्याकाळपर्यंत राहिला. टिकण्यात याची बरोबरी चारही बाटल्यांपैकी कोणीच करू शकली नाही.

परंतु हा मुळांचा वास आहे, पानांचा नव्हे, आणि त्यात ती सुरुवातीची उजळ झळाळी नाही, जिच्यासाठी तरुण गिऱ्हाईक या घराण्याकडे येते. तुलनेत त्याला क्रमांक देणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. दुकानात अत्तराचा स्वतंत्र कप्पा झाला, तर सर्वांत आधी मी रूह खस सुचवेन.

१ जून

किमतीचा हिशेब मांडला. साध्या फवाऱ्यातून एका दाबाला साधारण ०.१ मिली द्रव बाहेर पडतो, म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत सुमारे १००० फवारे असतात. बाटलीच्या किमतीपेक्षा एका दिवसाचा खर्च पाहिला की चित्र स्पष्ट होते, म्हणून तोच काढला.

ग्रीन आयरिश ट्वीडची १०० मिलीची बाटली ३५,००० रुपयांना धरली, तर एक फवारा ३५ रुपयांना पडतो. दिवसाला चार फवारे पुरतात, म्हणजे १४० रुपये. कामाचे २५० दिवस धरले की वर्षात बाटली संपते. कूल वॉटरची १२५ मिलीची बाटली २,५०० रुपयांना धरली, तर एक फवारा २ रुपयांना पडतो. सकाळी चार आणि उन्हाळ्यात दुपारी आणखी दोन असे लावले, तरी दिवसाला १२ रुपये होतात. ग्रे फ्लॅनेलची १२० मिलीची बाटली २,४०० रुपयांना धरली, तर तिचाही फवारा २ रुपयांनाच पडतो, पण ते मुळात दमदार असल्यामुळे तीन फवारे पुरतात, म्हणजे ६ रुपये. अमिराती बाटली १०० मिलीला १,८०० रुपये धरली, तरी ती दुपारी पुन्हा लावावीच लागते आणि फवारेही जास्त लागतात, त्यामुळे दिवसाचा खर्च १४ रुपयांपर्यंत जातो.

म्हणजे जी बाटली विकत घेताना सर्वांत स्वस्त, ती वापरताना या तीन स्वस्त बाटल्यांत सर्वांत महाग पडते. भावोजींना हा हिशेब फार आवडला. सुती आणि मिश्र धाग्याच्या शर्टांबद्दल ते गिऱ्हाइकाला जे सांगतात तेच हे आहे, असे ते म्हणाले.

ग्रीन आयरिश ट्वीड दर्जाने या सर्वांत श्रेष्ठ आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्यातील पान, आयरिस आणि चंदनाचा तळ यांचे सांधे कुठे दिसत नाहीत. एकातून दुसरे निघते आणि कोणतीही पायरी खडबडीत लागत नाही. कूल वॉटरमध्ये तेच कसब आहे, पण सामग्री साधी आहे आणि पानांऐवजी पाणीदार ताजेपणावर भर आहे. ज्याला तो गुळगुळीतपणा कळतो, आवडतो आणि परवडतो, त्याने ग्रीन आयरिश ट्वीड अवश्य घ्यावे. मात्र दर्जातील फरक दुप्पट-तिप्पट असेल आणि कूल वॉटरशी तुलना करता बाटलीच्या दामातील फरक चौदा पट आहे, हे मी कोणत्याही गिऱ्हाइकापासून लपवणार नाही.

८ जून

माल कुठून घ्यावा यासंबंधी चौकशी केली. आयात केलेल्या बाटलीच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत असलेली चिकटपट्टी असणे कायद्याने बंधनकारक आहे. ती नसलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही. एका घाऊक विक्रेत्याने अशी पट्टी नसलेला माल निम्म्या भावात देऊ केला होता, तो भावोजींनी नाकारला.

दुसरी खूण घटकांच्या यादीत सापडते. ब्यूटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल, म्हणजेच लिलियल, या द्रव्यावर युरोपीय संघात १ मार्च २०२२ पासून बंदी आहे. युरोपच्या बाजारासाठी बनलेल्या खोक्यावर हे नाव दिसले, तर तो माल त्याआधीचा, जुना साठा आहे असे समजावे. जुना साठा वाईटच असतो असे नाही, पण तो उन्हात किंवा गोदामाच्या पत्र्याखाली राहिला असेल, तर लिंबूवर्गी द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होऊन सुरुवातीचा वास आंबट आणि शिळा होतो.

२२ जून

पाऊस सुरू झाल्यावर चाचणी पुन्हा घेतली. हवा दमट आहे, तापमान बरेच उतरले आहे आणि चारही सुगंध उन्हाळ्यापेक्षा अधिक टिकले. सर्वांत मोठा फरक ग्रे फ्लॅनेलमध्ये पडला : गालबानमची कडू धार नरम झाली आणि पान लवकर पुढे आले. मे महिन्यात ज्या विक्रेत्यांनी ते नाकारले होते, त्यांपैकी एकाने आज ते स्वतःसाठी बाजूला ठेवण्यास सांगितले. कूल वॉटर मात्र पावसाळी हवेत थोडे चपटे वाटले. त्याला ऊन मानवते.

६ जुलै

निवड झाली. कप्प्यात या घराण्यातील दोन बाटल्या राहतील : कूल वॉटर आणि ग्रे फ्लॅनेल. पहिली उन्हाळ्यासाठी, नवख्या गिऱ्हाइकासाठी आणि भेट देण्यासाठी; दुसरी पाऊस-थंडीसाठी आणि ज्याला खरोखर पानांचा वास हवा आहे त्याच्यासाठी. अमिराती बाटली ठेवायची नाही, असे मी स्पष्ट लिहून दिले. तिची सुरुवात चांगली आहे आणि ती खपेल, पण ती ज्या वेळी खपते त्यानंतर तासाभराने गिऱ्हाइकाची निराशा होते, आणि ते गिऱ्हाईक पँट घ्यायलाही पुन्हा येताना विचार करते. भावोजींनी हे मान्य केले.

त्यांच्या मेमधल्या प्रश्नाचे उत्तर दुकानातच होते. पँटची उंची कमी करायला किंवा कंबर आत घ्यायला वरच्या मजल्यावरील टेलरकडे कपडा गेला, की गिऱ्हाईक साधारण तासभर लक्ष्मी रस्त्यावर फिरून येते. जाण्यापूर्वी त्याच्या एका मनगटावर कूल वॉटर आणि दुसऱ्यावर ग्रे फ्लॅनेल फवारायचे, किंमत सांगायची आणि विक्रीची गोष्ट काढायची नाही. कपडा घ्यायला ते परत येईल, तेव्हा सुरुवातीची झळाळी गेलेली असेल आणि मध्य भाग आलेला असेल. त्या वेळी त्याने स्वतः हुंगून ठरवावे. तीन तास मिळत नसले तरी एक तास मिळतो, आणि चाचणीत कुप्या एकमेकींपासून वेगळ्या झाल्या त्या त्याच तासाला.

१३ जुलै

पहिली मागणी अधिकृत वितरकाकडे नोंदवली. कूल वॉटर अधिक आणि ग्रे फ्लॅनेल त्याच्या निम्मे, असे प्रमाण ठेवले आहे. दर्शनी काचेत फक्त रिकामी खोकी लावायची आहेत, कारण दुपारनंतर तेथे थेट ऊन येते. भरलेल्या बाटल्या आतल्या लाकडी कपाटात, उजेडापासून दूर राहतील. काउंटरवरील चाचणी-बाटल्या रात्री त्याच कपाटात परत ठेवण्याचे काम भाच्याने स्वतःकडे घेतले आहे. प्रत्येक चाचणी-बाटली उघडल्याची तारीख तिच्या तळाशी लिहायची आहे, आणि वास आंबू लागल्याची शंका आली की ती लगेच बदलायची आहे.